रिकामा ठोका

धाकट्या भावाने त्याचा फरशी फोडायचा ब्रेकर माझ्या टेबलावर ठेवला आणि मी मान वर न करताच म्हणाले, “नाही.”

“अगं ताई, मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही.”

“तू नाही, याने उघडलंय.”

खरंच उघडलं होतं. छिन्नी बसते तिथली पुढची बॉडी उभी तडकली होती. मागच्याच महिन्यात मी ती नवी घातली होती, आणि तीही काही पहिली नव्हे.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. मधल्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आणि भावाचा संसार. वडिलांनी दोघांना एकच विद्या अर्धी अर्धी वाटून दिली. त्याच्या वाट्याला तोडणं आलं, माझ्या वाट्याला जोडणं. तो लोकांच्या फरशा आणि भिंती फोडतो. कामावर त्याला ‘धडाका’ म्हणतात आणि तो ते नाव मिरवतो. मी त्याला काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ज्यांनी हे यंत्र फक्त खिडकीतून शिव्या घालत ऐकलंय त्यांच्यासाठी सांगते. आत एक दट्ट्या खाली-वर पळतो आणि छिन्नीच्या डोक्यावर हाणतो. छिन्नी जमिनीवर टेकलेली असली की मार जमीन खाते. पण यंत्र उचललं की छिन्नी खाली सरकते, दट्ट्याला मारायला समोर काही उरत नाही, आणि तो सगळा राग पुढच्या बॉडीवर काढतो. याला आम्ही रिकामा ठोका म्हणतो. वडील म्हणायचे, रिकामा ठोका कधी रिकामा जात नाही, कुणाला तरी लागतोच. म्हणून तिथे जाड रबराची एक रिंग असते, लहान मुलीच्या बांगडीएवढी. चुकून पडलेले ठोके ती झेलते. चुकून पडलेले. दिवसभराचे नव्हेत.

आणि यावरचा उपाय इतका सोपा आहे की सांगायचीही लाज वाटते. यंत्र उचलायच्या आधी खटका सोडायचा. बोट सैल करायचं. बस.

“तू खटका सोडत नाहीस,” मी म्हणाले.

“सोडतो.”

“मग बॉडी तडकली कशी? दृष्ट लागून?”

“सोडतो म्हणालो ना! तुझा खटकाच खराब असेल.”

खटका मी तपासला होता, ठणठणीत होता. त्या एका खटक्यावरून आमच्या घरात इतके खटके उडाले होते की आमचे आवाज चढले की भावजय सरळ मिक्सर लावायची. तिला म्हणे मिक्सरचा आवाज बरा वाटतो.

मी पुढचा भाग खोलला. रिंग चेपलेली असेल, फाटलेली असेल, असं धरून चालले होते. पण रिंगच नव्हती.

“रिंग कुठाय?”

महाराज छताकडे बघायला लागले. “काढली.”

“का?”

“मशीन मऊ झाली होती ताई. पूर्वी ठोका कसा, पार कोपरापर्यंत जायचा. आता नुसतं फुसफुस. म्हटलं, आत रबर आहे, तेच जोर खातंय. काढून टाकली.”

माझं डोकंच फिरलं. काम चालू असताना दट्ट्या त्या रिंगला शिवतसुद्धा नाही! ती फक्त रिकाम्या ठोक्यापुरती असते. हे मी त्याला चित्र काढून सांगितलं होतं, हातवारे करून सांगितलं होतं, एकदा तर चहाच्या कपात चमचा आपटून दाखवलं होतं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

“उद्या गाडीचे ब्रेक काढून टाक,” मी ओरडले. “म्हणजे गाडी जोरात पळेल! आणि वाढला का जोर, रिंग काढून?”

“नाही ना,” तो म्हणाला. “तेच तर कळत नाही.”

भावजय चहा घेऊन बाहेर आली. माझा कप तिने माझ्या हातात दिला, त्याचा टेबलावर ठेवला. “ताई, एकदाची नीट करून द्या हो. मुकादम म्हणालाय, पुन्हा मशीन बंद पडली तर तळघराचं काम दुसऱ्याला देईन. आणि हे गेलं की त्याच्याकडचं पुढचंही गेलं. मग करायचं काय? यांना दुसरं काही येतं का?”

“येतं की. वाद घालता येतो.”

“आणि यांना जरा सांगा, बटणांचे शर्ट कपाटात नुसते पडून आहेत. रोज हेच कळकट टी-शर्ट. बटणं लावायचा कंटाळा येतो म्हणे.”

आळशीपणालाही काही सीमा असते, असं मी त्याला सुनावलं. तो दोन्ही हातांनी कप धरून गुपचूप चहा प्यायला.

मी बॉडी बदलली, नवी रिंग घातली, आणि एक जास्तीची रिंग माझ्या खिशात टाकली, कारण कुत्र्याचं शेपूट मला माहीत आहे. वर बजावलं, “उद्या मी कामावर येणार. समोर उभी राहून बघणार.”

“मी काय लहान पोर आहे?”

“लहान पोरं ऐकतात.”

तळघरात नळ्या टाकायला जमीन फोडायची होती. तारेवर लोंबणारा एक दिवा, नाकातोंडात जाणारी धूळ, कोपऱ्यात ओल्या गोण्या. मुकादमाने कानात कापसाचे बोळे कोंबले होते. “बहिणीला आणलंस?” तो हसला. “हजेरी घ्यायला का?” आणि जिना चढून वर गेला.

भावाने सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, तो काम सुरेख करतो. जिथे छिन्नी टेकवतो तिथून चीर त्याला हवी तशीच धावते. मी क्षणभर राग विसरले. मग त्याने यंत्र उचललं.

कामाचा ठोका जाड वाजतो, रिकामा कडकड वाजतो. ती कडकड तळघरभर घुमली. तो तसाच, छिन्नी हवेत नाचवत, पुढच्या जागेकडे निघाला.

“खटका सोड!” मी किंचाळले.

“सोडलाय!”

इतकं धडधडीत खोटं! आणि तेही मशीन धडधडत असताना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जाऊन भिंतीतून वायरच उपटली.

“हे काय होतं मग?”

“तेच तर सांगतोय!” तोही चिडला. “मी केव्हाच सोडला, तरी ही चालूच राहते. खटका बिघडलाय तुझा. पण तुला माझंच चुकलेलं दिसतं, नेहमी!”

माझा भाऊ लहानपणापासून खोटं बोलताना डावा डोळा मिचकावतो. आत्ता मिचकावत नव्हता. माझ्याकडे थेट बघत होता, खऱ्या माणसाला खोटं ठरवल्यावर येतो तसा राग चेहऱ्यावर घेऊन. मी त्याच्या हाताकडे बघितलं. त्याचं बोट खटक्यावर होतं. पूर्ण दाबलेलं. मधल्या पेरापर्यंत खडूसारखं पांढरं.

मी ते बोट धरून खटक्यावरून उचललं. गार होतं. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही.

“सोडलाय म्हणतोय ना मगापासून,” तो पुटपुटला.

मऊ झालेली मशीन. कपाटातले शर्ट. टेबलावर ठेवलेला कप. मी ब्रेकर त्याच्या हातातून घेऊन भिंतीला टेकवला आणि त्याला गोण्यांवर बसवलं.

“डोळे मीट.”

“आता? इथे?”

“मीट म्हणते ना. हात पुढे कर.”

लहानपणी मी असंच म्हणून त्याच्या बोटांवर कधी गोळी ठेवायचे, कधी खडा, आणि तो न बघता ओळखायचा. कधी चुकला नाही. तो वैतागून हसला, डोळे मिटले, दोन्ही हात पुढे केले. मी खिशातली रिंग काढली आणि अलगद त्याच्या बोटांवर ठेवली.

मशीन बंद का पडली म्हणून मुकादम बोळे काढत जिना उतरून आला. मी त्याला हातानेच थांबवलं.

“ठेव ना लवकर,” भाऊ डोळे मिटूनच म्हणाला. “मुकादम येईल, ओरडेल.”

मुकादम शेवटच्या पायरीवर उभा होता. रिंग त्यालाही दिसत होती.