वैनगंगेवरचं माहेर

मित्रांनो, मी एक जुनी मालवाहू नाव आहे. कुहीच्या बाजूला, वैनगंगेच्या एका खोल डोहात मी बांधलेली असते. माझ्या पाठीवर बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर आहे, पुढे तुळशीची कुंडी आहे आणि मधोमध चूल पेटते. होय, मी आता एका कुटुंबाचं घर आहे!

माझा जन्म सागवानाच्या फळ्यांतून झाला. सुतारांनी माझ्या फटींत ताग ठासला, वरून राळ लावली. मग कितीतरी वर्षं मी धानाची पोती वाहिली. घाटावर पोती उतरत आणि बैलगाड्यांतून नागपूरला जात. रामाजी माझा नावाडी. पाणी कुठे उथळ आहे हे तो माझ्या तळाच्या आवाजावरून ओळखायचा.

पुढे आगगाडी आली. धान गाडीने जाऊ लागलं आणि मी काठावर रिकामी पडून राहिले. माझे मालक भैयाजी एक दिवस सुतार घेऊनच आले. माझ्या फळ्यांची दारं करायची होती. रामाजी मान खाली घालून उभा राहिला. मला फार भीती वाटली.

तेवढ्यात त्याची बायको पंचफुला पुढे आली. त्यांची झोपडी त्या वर्षीच्या पुरात वाहून गेली होती. ती म्हणाली, "भैयाजी, फोडता काहून? आमाले राह्याले द्या. तुमचं लाकूड काही पळून नाही जात."

भैयाजींना हसू फुटलं. "अवं, नाव हाये ते! पळाचंच तिचं काम!" पण त्यांनी सुताराला परत पाठवलं.

पोत्यांच्या जागी आता अंथरुणं आली. रामाजी मासे धरी, पंचफुला ते बाजारात विकी. त्यांची मुलगी देवकी माझ्यावरच वाढली आणि लग्नाची झाली. पण सोयरीक जुळेना. पाण्यावर राहणाऱ्यांची मुलगी कोणी करीना.

एकदा पलीकडच्या गावचे चंपतराव आणि त्यांची बायको रुखमाबाई मुलगी पाहायला आले. पोहे झाले. चंपतराव उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी चांगली हाये. पण माह्या पोराच्या सासुरवाडीले पाय ठेवाले जमीन नाही. लोक हासतीन!" पंचफुलेचा चेहरा उतरला. रामाजी तेव्हा विड्याची पानं आणायला काठावर गेला होता.

आणि नेमका त्याच वेळी ओल्या मातीतला माझा खुंटा उखडला. मी धारेला लागले. समोर काळे खडक होते. मित्रांनो, मला स्वतःला थांबवता येत नाही हो!

पंचफुलेनं धावत सुकाणू धरलं. देवकीनं पदर खोचला, लांब बांबू उचलला आणि ओरडली, "मामाजी, खाली बसा! नाव डुलून राह्यली!"

चंपतराव मटकन बसले. देवकीनं बांबू खडकाला टेकवून सारं अंग त्यावर टाकलं. बांबू वाकला, कडकडला. माझी एक बाजू खडकाला घासून गेली, पण मी वळले आणि संथ पाण्यात येऊन वाळूला लागले. रामाजी काठाकाठानं धापा टाकत पोचला.

मग रुखमाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आयकलं का? पोरीनं तुमाले मामाजी म्हटलं. आता कोणती सोयरीक जुळवाची राह्यली?"

सासऱ्याला म्हणायचा शब्द तोंडून निघून गेला, हे देवकीला तेव्हा उमगलं. ती लाजून छपराआड पळाली. चंपतराव घाम पुसत हसले. "जमीन माह्याजवळ हाये. नाव सांभाळणारी सून नव्हती," ते म्हणाले.

लग्नानंतर देवकीला सासरी मीच पोचवलं. इतकी वर्षं पोती वाहिली, पण ते ओझं उतरवताना मला वेगळंच वाटलं. पहिल्या बाळंतपणाला ती माझ्याकडेच आली. आता तिचं बाळ माझ्यावर झोपलं आहे. पाणी मला हलवतं आणि मी बाळाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूचं एक काम संपलं म्हणून ती लगेच मोडू नका. दरवर्षी माझ्या फटींत नवा ताग भरतात, राळ लावतात, तेवढ्यावर मी तरते. तुमच्याही घरी अशी एखादी वस्तू रिकामी पडून असेल. तिच्यावरची धूळ झटका आणि हिचं काय करता येईल, हे घरातल्या सगळ्यांना विचारा. आता मात्र हळू बोला, बाळ उठेल.