एका पायाने, तेही लिहा

मी एक जुनी सायकल आहे. काळी, बावीस इंची, घंटी अजून शाबूत. माझ्या डाव्या बाजूला पायडल नाही. ते मोडलं नाही, हरवलं नाही, चोरीलाही गेलं नाही. ते मुद्दाम काढलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहिलं की लोक "अरेरे" म्हणतात, आणि मित्रांनो, मला त्या अरेरेचा भयंकर राग येतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला, पण चाकं, दांडी, सीट जोडून मला सायकल केलं ते जालन्याच्या एका दुकानात. तिथून मला मिथुनच्या वडिलांनी आणलं. मिथुन आठवीत गेला होता आणि शाळा हसनाबादला, वस्तीपासून चार किलोमीटर. तेव्हा माझी केवढी बडदास्त! दर रविवारी अंघोळ, दसऱ्याला हार. पुढे मिथुन एमआयडीसीतल्या लोखंडी सळयांच्या रोलिंग मिलमध्ये लागला, त्याने मोटारसायकल घेतली आणि मी भिंतीला टेकले. सीटवर कोंबड्या बसू लागल्या, दांडीवर गोधड्या वाळू लागल्या. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय?

मला तिथून ओढून काढलं ते मिथुनच्या मोठ्या बहिणीने, सत्यशीलाने. तिला लहानपणी ताप आला होता, त्यात डावा पाय गेला. पाय आहे, पण बारीक, त्यात जोर नाही. डाव्या गुडघ्यावर हात दाबला तरच तिचं पाऊल पुढे पडतं. तिला मिरचीच्या शेडनेटवर, म्हणजे जाळीच्या मांडवाखालच्या शेतात, काम मिळत होतं. फुलांचं क्रॉसिंग करायचं, म्हणजे एका झाडाचे परागकण हाताने दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचे. बियाणं तसंच तयार होतं. बोटं तिची चपळ, पण शेडनेट घरापासून लांब. चालत पोचेपर्यंत अर्धी सकाळ सरायची.

ती मला घेऊन हसनाबादच्या साहेबराव मिस्त्रींकडे गेली. माझं डावं पायडल फिरताना तिच्या नडगीवर आपटायचं. मिस्त्रींनी ते दांड्यासकट काढलं आणि तिथे पाय ठेवायला एक लोखंडी पट्टी जोडली. उजव्या पायडलला जुन्या ट्यूबचा पट्टा बांधला, म्हणजे पाऊल खाली दाबता येईल आणि वर ओढताही येईल. शिकायला तिला दोन महिने लागले. किती वेळा पडली ते मी मोजलं नाही. तिनेही मोजलं नसावं.

वीस वर्षं आम्ही दोघींनी तो रस्ता तुडवला. गावात कौतुक झालं. "सत्यशीलाला काय कमी आहे, कशी भुर्रकन जाते!" असं लोक म्हणायचे आणि मलाही ते गोड लागायचं. मित्रांनो, त्या गोड बोलण्यात एक खडा होता, तो मला फार उशिरा दाताखाली लागला.

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा सुजू लागला. दोन पायांचं काम एकट्याने ओढणारा गुडघा तो, किती दिवस ओढणार? गावच्या डॉक्टरांनी बजावलं, काम कमी करा, नाहीतर हाही पाय जाईल. काम कमी करायचं तर दिव्यांगांचं मासिक अनुदान हवं. अनुदानासाठी प्रमाणपत्र हवं आणि त्यावर निदान चाळीस टक्के दिव्यांगत्व हवं. त्या टक्क्यांवर तिचा उरलेला पाय अडकला होता.

अर्ज भरून दिला मच्छिंद्रने. हसनाबादला त्याचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. स्वतः कधी रांगेत उभा राहिला नाही, पण सल्ले द्यायला पुढे. उंटावरचा शहाणाच तो. "तपासणीला सायकलचं नाव बी काढू नका," तो म्हणाला. "पाठीवर बसून जायाचं, जुनं लुगडं नेसायचं, जरा कन्हायचं. मंग बघा टक्के बराबर येतात का न्हाई."

आई गोजरबाईंना हे पटलं. तारखेच्या दिवशी मला गोठ्यात लपवलं आणि मिथुन बहिणीला मोटारसायकलवरून तालुक्याला घेऊन गेला आणि तिथल्या तपासणी शिबिरात तिला पाठीवर घेऊन शिरला. संध्याकाळी ती परत आली आणि माझ्या सीटवर हात ठेवून उभी राहिली.

"काय झालं गं?" गोजरबाईंनी विचारलं.

"हाडाचे डॉक्टर आलेच न्हाईत. पुढची तारीख कळवतो म्हणले."

"मंग रडून काय राह्यलीस? भेटंल पुढच्या बारीला."

"त्याच्यासाठी न्हाई रडत. दिवसभर सगळे मिथुनलाच इचारत व्हते, हिचं नाव काय, हिला काय झालं. माझ्याशी कोणी बोललंच न्हाई. म्या पाठीवरचं गठुडं झाल्ते, आई."

गोजरबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले. मला मात्र असा संताप आला की चेन तुटायची वेळ आली.

पुढची तारीख चार महिन्यांनी आली. तोवर दर आठवड्याला मी तिला मच्छिंद्रच्या दुकानी नेत होते आणि दर आठवड्याला त्याच्या पडद्यावर एकच शब्द असायचा, प्रलंबित. गुडघा मात्र थांबायला तयार नव्हता. शेवटी शेवटी ती वाटेत तीनदा उतरून बसायची.

या खेपेला शिबिर हसनाबादलाच होतं, एका शाळेत. मिथुन सुट्टी काढून मोटारसायकल घेऊन तयार होता. सत्यशीलाने इस्त्रीची साडी नेसली, वेणी घातली आणि मला बाहेर काढलं.

"ताई, असं नको करू. टक्के जातील," मिथुन म्हणाला.

"जाऊ दे. म्या माझ्या सायकलीवर जाईन. तू मागून ये."

शाळेच्या व्हरांड्यात नोंदणीचं टेबल होतं. तिथे अवधूत नावाचे बाबू बसले होते. सत्यशीलाने मला त्यांच्यासमोरच्या पायरीला टेकवलं.

"ही सायकल कुणाची?"

"माझी."

"तुम्ही चालवता?"

"चालवते."

अवधूतबाबूंनी भुवया उंचावल्या आणि तिच्या अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'स्वतः सायकल चालवते.' कौतुकातला खडा मला लागला तो इथे.

सत्यशीलाने वाकून वाचलं. "अर्धंच लिव्हलं, साहेब. एका पायानं चालवते, ते बी लिहा."

"बाई, इथं तेवढी जागा नाही."

"मंग हाये ते खोडा."

"सरकारी कागद आहे, खोडता येत नाही."

मागची रांग पुढे सरकून ऐकू लागली. मिथुन बहिणीचा पदर ओढू लागला. तिने तो सोडवून घेतला.

"असं करा साहेब. एका पायानं हिला फाटकापस्तोर नेऊन दाखवा. नेलीत तर म्या अर्ज वापस नेते. बिलकुल तक्रार करणार न्हाई."

मला तर धडकीच भरली. पण बाबूही इरेला पेटले. त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला, उजवा पाय पट्ट्यात घातला आणि जोर मारला. पायडल खाली गेलं आणि तिथेच राहिलं. वर ओढायचं असतं, हे त्यांना कुठे ठाऊक? डावा पाय हवेत नसलेलं पायडल शोधू लागला आणि आम्ही दोघं धुळीत. मी त्यांना पाडलं, असं सांगायला मला आवडलं असतं, पण खोटं कशाला बोलू? मी काहीच केलं नाही.

"सायकलच वाकडी आहे," बाबू कपडे झटकत म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं! रांगेतला एक म्हातारा कुबडीवर रेलून मोकळा हसला, मग सगळेच हसले.

गलका ऐकून हाडांच्या डॉक्टर कल्याणीमॅडम बाहेर आल्या. त्यांनी माझा पट्टा पाहिला, लोखंडी पट्टी पाहिली. मग सत्यशीलाच्या डाव्या पायाकडे न पाहता त्यांनी विचारलं, "उजवा गुडघा कधीपासून सुजतोय?"

दोन वर्षांत हे कुणी आपणहून विचारलं नव्हतं. "दोन साल झाले," सत्यशीला म्हणाली.

तपासणी आत झाली, ती मी पाहिली नाही. पण ती आत असताना अवधूतबाबूंनी अर्ज पुन्हा पुढे ओढला आणि समासात बारीक अक्षरात दोन शब्द वाढवले, 'एका पायाने.' जागा होती, मित्रांनो.

परतताना मिथुनने विचारलं, "आणि तो गेला असता फाटकापस्तोर तर?"

"वीस साल झाले चालवून राह्यले म्या. त्याला दोन मिनिटांत कशी जमंल?"

दीड महिन्याने प्रमाणपत्र आलं. साठ टक्के. गोजरबाईंनी ते सगळ्या वस्तीत फिरवलं. अनुदानाचा अर्ज आता तहसीलमध्ये आहे आणि पडद्यावर पुन्हा तोच शब्द आहे. सत्यशीला दर सोमवारी विचारायला जाते आणि उत्तर मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलत नाही.

अशी आत्मकथा संपवताना सायकलीने म्हणायचं असतं, मला पुसा, मला तेल घाला. तेल मला मिळतं. मी मागते ते निराळंच. एखादं माणूस धडपडून उभं राहिलं तर त्याला खुशाल शाबासकी द्या. पण उभं राहिलंय म्हणून त्याच्या हातचा कागद काढून घेऊ नका.