एकच वाक्य येणारा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. मला एकच वाक्य येतं, आणि तेही उलटं : ‘उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असल्याने अर्ज नामंजूर.’ कागदावर ते सुलट उमटतं. तिथे ते काय करतं, हे मला अजून नीट समजलेलं नाही.

माझा जन्म २०१६ साली शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका गल्लीत झाला. तिथून मी गरजूंना मोफत वकील देणाऱ्या एका कार्यालयात आलो. तेच तेच कारण हाताने लिहून तात्याराव कारकुनांची बोटं दुखत होती. माझा पहिला ठसा पाहून ते म्हणाले, “वा! अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.” माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच. दोन वर्षांनी मी टेबलावरून फरशीवर पडलो आणि माझ्या चौकटीचा डावा कोपरा तुटला. कागदावर तो उजवीकडे तुटलेला दिसतो. तात्यारावांनी नवा शिक्का मागवला नाही.

२०२४ च्या जूनमध्ये नंदा नावाच्या बाई आल्या. त्या सदाशिव पेठेत विद्यार्थ्यांची खानावळ चालवतात. त्यांच्या नवऱ्याने सात वर्षांच्या सलोनीचा ताबा मागितला होता. आई दिवसभर चुलीपाशी असते, मुलीकडे कोण बघणार, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं. नंदाबाईंना वकील नव्हता.

तात्यारावांनी आधी उत्पन्नाचा दाखला पाहिला. आकडा मर्यादेच्या किंचित वर होता.

“साहेब, बायकांना उत्पन्नाची अट नाही. बाहेर तुमच्याच फलकावर लिहिलंय.”

“फलक आम्हीच लावलाय, बाई. तुम्ही वाचलात, आनंद झाला.”

“मग?”

“मग काय! दाखला तुम्हीच आणलाय, आकडा तुम्हीच बघा. पुढचे कोण?”

आणि मी कागदावर उमटलो. नंदाबाईंनी वरच्या साहेबांकडे अपील केलं. त्या कागदावरही मीच उमटलो.

पुढचं मला खूप नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळलं. खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या मथुराबाईंनी तो कागद पाहिला आणि घरच्या ट्रंकेतून आपला २०१९ चा नामंजूर अर्ज काढून आणला. त्यांनी तेव्हा अपील केलं नव्हतं. पूर्वी त्याच खानावळीत जेवणारा प्रज्ञेश आता वकील झाला होता. त्याने दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. वाक्य तेच, तुटका कोपराही तोच.

“मावशी,” तो नंदाबाईंना म्हणाला, “तुमच्या अर्जाचं उत्तर तुमच्या अर्जाहून पाच वर्षांनी मोठं आहे!”

“म्हणजे माझा अर्ज वाचलाच नाही की रे मेल्यांनी!”

त्याने फी न घेता उच्च न्यायालयात रिट याचिका केली. सलोनी कोणाकडे राहावी, हे त्या न्यायालयाने ठरवायचं नव्हतं. वकील नाकारताना कायदा पाळला गेला का, एवढंच तपासायचं होतं. इकडे पुण्याच्या न्यायालयाने नंदाबाईंना शेवटची तारीख दिली : अठरा नोव्हेंबर. त्या दिवशी वकील असो वा नसो, सुनावणी होणारच होती.

अकरा तारखेला उच्च न्यायालयाचा आदेश आला. आमच्या नव्या अधिकारी अक्षता मॅडमनी तो मोठ्याने वाचला. नाकारण्याचं कारण अर्ज येण्याआधीच तयार होतं, अर्जाचा विचार झालेला नाही, दोन्ही निर्णय रद्द, तीन दिवसांत नव्याने ठरवा.

“अहो मॅडम, उत्पन्न जास्त होतंच की! वाक्य खोटं कुठे आहे?” तात्याराव म्हणाले.

मीही नेमकं हेच विचारलं असतं.

“वाक्य खरंच आहे, तात्याराव. फक्त या बाईंना ते लागू नाही.”

चौदा तारखेला मॅडमनी मंजुरीचा आदेश हाताने लिहिला, पूर्ण पानभर. तो घेताना नंदाबाई म्हणाल्या, “तो शिक्का बघू का जरा?” त्यांनी मला उलटं केलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“ह्याला तर काही वाचताच येत नाही,” असं म्हणून त्यांनी मला अलगद खाली ठेवलं.

अठरा तारखेला त्या वकिलासह न्यायालयात उभ्या राहिल्या. खटला अजून चालू आहे. सलोनी आईपाशी आहे.

मी आता खणात असतो. शाई वाळली आहे, गोंधळ मात्र तसाच आहे. मी आठ वर्षांत एकदाही खोटं बोललो नाही, तरी एक मुलगी आईपासून तुटता तुटता राहिली. आणि मथुराबाईंना वकील कशासाठी हवा होता, हे तर कुणी मला सांगितलंच नाही.

मित्रांनो, कधी माझ्यासारखा शिक्का तुमच्या हाती आला, तर तो उचलण्याआधी समोरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. माझं काम वाचून झाल्यावर सुरू व्हायचं होतं. ते कुणी मला सांगितलं नाही, आणि विचारायला माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं.