सतरा क्रमांकाच्या मिशा

मेंदूतल्या पेशी मरतात तरी कशाने, हा एकच प्रश्न बाई एकतीस वर्षं उगाळत बसल्या होत्या. पेशींनी काही दाद दिली नव्हती. गुडघे मात्र बोलायला लागले होते. निवृत्तीला दोन महिने राहिले होते आणि टेबलावर या वर्षीच्या कागदांचा ढीग पडला होता.

विसराळू आणि धडधाकट, दोन्ही तऱ्हेच्या माणसांचे कागद एकत्र मिसळलेले. प्रत्येकाने गोल घड्याळ काढायचं, आकडे भरायचे, काट्यांनी अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक. तपासणाऱ्याला माणूस कळता कामा नये, हा नियम बाईंचाच. पण सतरा क्रमांक कोण, हे त्यांना बारा वर्षं ठाऊक होतं. आजारी माणसं पैशाला पासरी मिळतात, धडधाकट मिळत नाहीत, म्हणून त्यांनी थोरल्या भावालाच गळ घातली होती. दादा जन्मभर बस चालवलेला, टवाळ माणूस. तो दरवर्षी घड्याळाला मिशा काढायचा. हा कागद मी तपासणार नाही, असं बाईंनी पहिल्याच वर्षी म्हणायला हवं होतं. म्हणाल्या नाहीत. वर्षातून एकदा हसायला मिळायचं, तेही कोण सोडणार?

आजही मिशा होत्या, चांगल्या झुपकेदार. बारा आकडे मात्र उजव्या बाजूला दाटीवाटीने उभे होते, आणि काटे नव्हतेच.

"टवाळ कुठला!" बाई पुटपुटल्या. मग उठून त्यांनी कपाटातून मागच्या वर्षीचा कागद काढला. त्यात चारचा आकडा दोनदा होता. तेव्हा त्या पोटभर हसल्या होत्या आणि दहापैकी दहा देऊन मोकळ्या झाल्या होत्या. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर त्याला वर्षापूर्वीच डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

आजही थट्टा म्हणून सोडून देता आलं असतं. पेन घुटमळलं. बाईंना स्वतःचीच लाज वाटली. आजच्या कागदावर त्यांनी दोन गुण लिहिले. जुने दहा खोडून सात केले आणि नियमाप्रमाणे खाली कारण लिहिलं: तपासणारी याची बहीण आहे.

नवी मदतनीस आजच्या गुणांची यादी न्यायला आली. "मॅडम, सतराच्या घरी कळवायचं ना?"

"कळव."

ती शेजारच्या खोलीत गेली. जरा वेळाने बाईंच्या ॲप्रनच्या खिशातला फोन वाजला. वहिनी गेल्यावर दादाने फॉर्मवर कुणाचा नंबर दिला, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"नमस्कार. आपल्या घरच्या व्यक्तीच्या चाचणीबद्दल बोलायचं होतं. घाबरू नका. आपण बसलेल्या आहात ना?" एका कानात फोनमधून, दुसऱ्यात भिंतीपलीकडून. शब्द सगळे बाईंनीच लिहून दिलेले.

"बसलेय. मी त्याची बहीण."

"मॅडम?"

"थांबू नकोस गं, पुढचं वाच," बाई म्हणाल्या. "मीच लिहिलंय, पण आज काही आठवेना."