सतरा नंबरच्या पोटातलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चकती आहे. फळबाग संशोधन केंद्राच्या व्हरांड्यात, हजेरीपटाच्या वरच्या खिळ्याला मी लटकते. ताटाएवढा माझा घेर आहे आणि मधोमध एक तडा गेला आहे. सहलीला आलेली मुले बोट ठेवून माझी वलये मोजतात. एक वलय म्हणजे एक वर्ष. खुशाल मोजा, पण माझी गोष्टही ऐका, कारण माझ्याखाली लावलेली पाटी खोटी आहे.

चकती होण्याआधी मी नासपतीचे झाड होते. माझे कलम माळीकाकांनी बांधले. त्यांच्या हातचे ते पहिलेच कलम. जोड जरा वाकडा बसला, तेव्हा सगळे हसले. "हे जगलं तर मी मिशी काढीन," असे मुकादम म्हणाला. मी जगले. मुकादमाने मिशी काढली नाही, पण काका तेव्हापासून रोज माझ्याजवळच बसून डबा खाऊ लागले.

मी बारा वर्षांचे झाले त्या साली केंद्रात नव्या संशोधक मॅडम आल्या. हुशार, कष्टाळू आणि शब्दाच्या पक्क्या. फळ धरल्यावर पाणी तोडले तर झाड किती तग धरते, हे त्यांना शोधायचे होते. आमच्या रांगेतल्या चार झाडांच्या बुंध्यांवर पांढरा पट्टा ओढला गेला. नंबर चौदा ते सतरा. सतरा म्हणजे मी. पांढरा पट्टा म्हणजे उन्हाळाभर थेंबही नाही.

"दया आली की प्रयोग मेला," मॅडमनी बजावले. काकांनी मान डोलावली.

पहिल्याच उन्हाळ्यात माझी पाने कडेने करपली. काकांनी जेवून डबा विसळला आणि ते पाणी माझ्या बुडाशी ओतले. डब्याच्या पाण्याला पाणी कोण म्हणते? दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा दोनदा विसळला. पंधरवड्यात ते जेवायला येताना बादलीच आणू लागले. मी अधाशासारखे प्याले. शेजारची तीन झाडेही तहानलेली होती, पण ती काकांच्या हातची नव्हती. ती माझ्या डोळ्यांदेखत वाळली. खरे सांगते, मला वाईट वाटले नाही. माझ्या मुळांना तेवढीच जागा मोकळी झाली.

असे दोन उन्हाळे गेले. मी फळांनी वाकले. मॅडम माझ्या बुंध्यावर थाप मारून पाहुण्यांना सांगत, "एवढं ऊन, पण आमच्या सतरा नंबरच्या पोटातलं पाणी हलत नाही!" पाहुणे हसत. मागे उभे असलेले काकाही हसत. वाळलेली तिन्ही झाडे मुळातच मरतुकडी होती, असे म्हणून मॅडमनी ती नोंदीतून वगळली. मग माझ्या फोटोसह पत्रक निघाले: फळ धरल्यावर पाणी तोडा.

ते पत्रक घेऊन एका दुपारी काकांची थोरली बहीण आली. उतारावर तिची चाळीस झाडे होती. नवरा गेल्यावर ती झाडेच तिचा आधार होती.

"तू रोज बघतोस ना रे हे झाड? खरंच पाणी तोडू? विहीर तळाला गेलीये. तू म्हणशील तसं करते."

काकांच्या हातात बादली होती. त्यांनी ती हळूच पायामागे सरकवली.

"मॅडमनी अभ्यास करून लिहिलंय, ताई," ते म्हणाले. "तोड."

उन्हाळा सरेपर्यंत चाळीसच्या चाळीस झाडे वाळली. ताई पुन्हा आली. भांडली नाही. तिने माझी हिरवीगार पाने पाहिली, खाली बसली आणि माझ्या बुडाशी बोट खुपसले. बोटाला चिखल लागला.

"ओली आहे रे माती," एवढेच ती म्हणाली. त्यानंतर ती भावाच्या दारात कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी मॅडमना सगळे सांगून टाकले.

"पुरावा काय?" मॅडमनी विचारले.

"झाडाच्या आतच असेल."

"मग कापा. तुम्हीच कापा, तुमच्याच हातचं आहे ना?"

काकांनी करवत लावली. मी कण्हत होते, पण ते फक्त माझ्या फळांनाच ऐकू गेले असावे. तहानलेल्या झाडाची वलये केसासारखी बारीक असतात. माझी शेवटची तीन चांगली रुंद निघाली. मॅडमनी ती बोट ठेवून मोजली. मग म्हणाल्या, "पत्रक सगळीकडे पोचलंय. आता तोंड उघडलंत तर माझ्याआधी तुम्ही घरी जाल."

मला घासून पॉलिश केले आणि पाटी लावली: 'पाण्याविना जोमाने वाढलेले झाड'. काका रोज सकाळी माझ्याखाली उभे राहून सही करतात. वर बघत नाहीत.

मित्रांनो, झाडावर माया करा, पण उघडपणे करा. मला चोरून घातलेल्या पाण्याने चाळीस झाडे मारली. आणि वलये मोजाल तेव्हा बाहेरची तीन नीट बघा. पाटी वाचून दाखवणाऱ्याला विचारा, हे पाणी कुणाचे? तेवढे मात्र नक्की विचारा. पत्रकांचा गठ्ठा अजून दाराशीच आहे, आणि जाताना तुमच्याही हातात एक देतील.