मास्तरांच्या कोटाचं अस्तर

"वहिनी, कोट आणलात ना?" तबेल्यातल्या मोतद्दारानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हात पुढे केला.

वहिनींनी मास्तरांचा इस्त्री केलेला कोट त्याच्या हातात दिला. बाकीचे घोडे केव्हाच ट्रकमध्ये चढून गवत चघळत होते. खाली राहिली होती ती एकटी मिरी, मास्तरांची काळी, हट्टी घोडी. ट्रकच्या फळीपुढे चारी पाय रोवून उभी होती. घोडं अडतं म्हणजे काय, ते आज सगळ्या तबेल्याला कळलं होतं. डोळ्यांवर फडकं बांधून झालं, गाजरं दाखवून झाली, चुचकारून झालं, शिव्याही देऊन झाल्या.

मोतद्दारानं कोट तिच्या नाकापाशी धरला. मिरीनं तो हुंगला, पुन्हा हुंगला, आणि मान फिरवली.

"साबणाचा वास येतोय," तो म्हणाला. "धुतला होय?"

"लेकीनं धुतला. सगळंच धुतलं तिनं."

त्यात लेकीची काही चूक नव्हती. घरातलं माणूस गेलं की कुणी रडत बसतं, कुणी कामाला लागतं. लेक बापाच्या वळणावर गेलेली, ती कामाला लागली. बापाचा एकूण एक कपडा तिनं धुऊन, घडी घालून ठेवला.

मास्तर घोडेस्वारी शिकवायचे. उन्हाळा लागला की घोडे घेऊन वर डोंगरावर, थंडी लागली की खाली समुद्राकाठी. वर दात वाजायचे, खाली सदरा अंगाला चिकटायचा. आणि एवढ्या प्रवासाला ह्या माणसाची पिशवी केवढीशी! "घोड्यांचं बिऱ्हाड ट्रकभर, माझं पिशवीभर," असं ते ऐटीत सांगायचे. सांगायला काय जातंय! ती पिशवी पुरी पडायची ती वहिनींच्या हिकमतीवर. एकच सुती मफलर, खाली ओला करून मानेला, वर टोपीखाली कानांना. एकच कोट, खोगिरावर बसल्यावर चुणी पडू नये म्हणून मागून चिरलेला. आणि त्या कोटाला आतून बटणांनी लावायचं जाड लोकरी अस्तर. वर गेलं की लावायचं, खाली आलं की काढायचं.

"पोचल्यावर आधी अस्तर लावा, वर थंडी असते," वहिनी दर वर्षी निघताना बजावायच्या.

"असं होय? बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं जातोय, कळलंच नव्हतं," मास्तर दर वर्षी म्हणायचे.

खाली आले की दुसऱ्याच दिवशी अस्तर धुऊन पेटीत जायचं. यंदा मात्र वहिनींनी कंटाळा केला. उद्या धुऊ, उद्या धुऊ करत ते तसंच पेटीच्या तळाशी टाकलं, आणि थंडी सरायच्या आत मास्तरच गेले. जन्मात कधी घोड्यावरून पडले नाहीत, आणि एका सकाळी पलंगावरून उठले नाहीत.

लेकीच्या हाती लागलं नाही ते तेवढंच. दुपारी घरात कुणी नसलं की वहिनी पेटी उघडायच्या आणि अस्तरात तोंड खुपसून बसायच्या. घाम, खोगिराचं तेल, थोडा बिडीचा वास. तेवढा वेळ मास्तर घरात असायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय?

तबेल्याचे मालक फाटकापाशी उभे होते, ते जवळ आले. माणूस वाईट नव्हता. "वहिनी, मास्तरांकडे बघून आजवर थांबलो," ते खाली बघत म्हणाले. "पण ही कुणाला पाठीवर बसू देत नाही, धड खात नाही. आता गाडीतही चढणार नसेल, तर गाडा ओढायला मागणारा एक जण आहे. त्याला देऊन टाकतो."

मोतद्दारानं आवाज खाली आणला. "वहिनी, न धुतलेलं दुसरं काही नाही का? एखादा मोजासुद्धा चालेल."

"नाही," वहिनी म्हणाल्या.

इतकं धडधडीत खोटं त्या आयुष्यात क्वचितच बोलल्या असतील. मिरीच्या बरगड्या वर आल्या होत्या. वहिनींना तिचा रागच आला. मला तरी कुठं घास जातोय? मी बसलेय का कुणाच्या दारात पाय रोवून? आणि मग त्यांच्या मनात आलं, मला निदान पेटी तरी आहे. हिला काय आहे?

"थांबा जरा. आलेच," त्या म्हणाल्या.

घर तबेल्याच्या मागेच होतं. अस्तर घेऊन येताना त्यांनी ते एकदाही नाकाला लावलं नाही. लावलं असतं तर त्या वाटेतूनच परत फिरल्या असत्या.

मोतद्दार घ्यायला पुढे आला, पण त्यांनी त्याच्या हाती दिलं नाही. स्वतःच मिरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मिरीनं अस्तरात नाक खुपसलं ते काढलंच नाही. तिचे कान पुढे आले. पोट हलेल असा मोठा श्वास तिनं घेतला. वहिनी एक एक पाऊल मागे सरकत फळी चढल्या, आणि त्यांच्यामागून खुरांचा आवाज करत मिरी चढली.

आत त्यांनी अस्तर तिच्या तोंडाशी आडव्या दांड्याला बांधलं. मिरीनं त्यावर तोंड घासलं, लाळ लावली. आता धुवावं लागणार, असं सवयीनं वहिनींच्या मनात आलं.

"खाली उतरलो की परत आणून देतो, वहिनी," मोतद्दार म्हणाला. "जिवापाड जपेन."

तोवर त्याला नुसता घोडीचा वास उरलेला असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"नको. राहू दे तिच्यापाशी," वहिनी म्हणाल्या. "वर थंडी असते."

ट्रक गेला. मोतद्दारानं परत दिलेला कोट घेऊन त्या घरी आल्या तेव्हा लेक दारातच उभी होती. आईच्या हातातला कोट बघून तिचा चेहरा पडला.

"नाही ना चालला? मी धुवायलाच नको होता, आई."

"चांगला धुतलायस."

लेकीनं कोट हातात घेतला, उलगडून बघितला. "आत नुसती बटणंच आहेत. ह्याचं अस्तर कुठाय?"

"वर गेलं."

"मग आता हा असाच राहणार?"

"राहू दे. खाली कशाला लागतंय अस्तर?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी कोट खुंटीला टांगला, खांदे सरळ केले, आणि पुढची बटणं वरपासून खालपर्यंत लावून टाकली.