खिशातला माउस

वर्गात रेडिओ लहरी भिंतीतून आरपार कशा जातात ते फळ्यावर सिद्ध करून दाखवणारे सर स्वतःच्या टेबलावर मात्र वायरचाच माउस वापरत. "बोलणारा इकडे, ऐकणारा तिकडे आणि मध्ये नुसती हवा," ते म्हणत. "अशा व्यवहारात माझा जीव रमत नाही."

मग एके दिवशी त्या वायरने चहाचा कप ओढला आणि सगळा चहा एका विद्यार्थ्याच्या प्रबंधावर सांडला. डिंकाताईने तिचा छोटा वायरलेस माउस तात्पुरता म्हणून त्यांच्या हाताखाली सरकवला. डिंकाताई म्हणजे सरांची सगळ्यात जुनी संशोधक विद्यार्थिनी. ती चिकटद्रव्यांवर काम करायची, म्हणून अख्ख्या विभागात तिचं हेच नाव पडलं होतं. खरं नाव फक्त तिच्या आईला आणि परीक्षा विभागाला ठाऊक होतं.

आठवडाभरात सरांनी तसाच एक माउस विकत आणला आणि त्या दिवसापासून ते प्रचारक झाले. माउस काडेपेटीहून जरासाच मोठा होता. त्याचा रिसीव्हर नखाएवढा. "लॅपटॉपला लावायचा आणि विसरून जायचं!" येईल त्याला सर ऐकवत. "बॅटरी संपत नाही. झोपला तरी एका टिचकीत जागा होतो. माणसं इतकी भरवशाची असती तर काय हवं होतं?"

माउस मुठीत मावतो हे कळल्यावर तो कोटाच्या खिशात जायला लागला. आणि खिशात गेल्यावर सरांच्या अंगठ्याला काम मिळालं. कोणी फार लांबण लावली, की सरांचा हात खिशात जाई आणि आत बारीक टिक टिक सुरू होई. पूर्वी ते अशा वेळी पेनाच्या टोपणाची उघडझाप करत. विभागाला वाटलं, बरं झालं, पेनं वाचली.

डिंकाताईच्या मौखिक परीक्षेच्या आदल्या दिवशी दोघं हॉलमध्ये स्लाइड बघायला बसले. हॉलचा लॅपटॉप जुना होता, त्याचं टचपॅड केव्हाच गेलं होतं. सरांनी रिसीव्हर मागच्या बाजूला खोचला आणि माउस फिरवायला घेतला.

"ही ओल्या खोलीची स्लाइड कशाला?" ते थांबले.

"सर, कोरड्या खोलीत सगळे नमुने टिकले, पण दमट हवेच्या ओल्या खोलीत एक पूर्ण तुकडी घसरून पडली. काचपट्ट्या जशाच्या तशा, फक्त चिकटलेल्या जागा सुटल्या."

"ती तुकडी नीट बनली नसेल."

"मीच बनवली होती, सर. बाकीच्यांसारखीच."

"म्हणून तर म्हणतोय." सर स्वतःच्या विनोदावर हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, उद्या बाहेरून येणाऱ्या परीक्षकबाई म्हणजे कातडी सोलणाऱ्या आहेत. एका धाग्याला हात लागला की अख्खा स्वेटर उसवतील. तुला नोकरीवर हजर व्हायचंय ना? पदवी नाही तर नोकरी नाही. मग?"

 पट्ट्या सुटलेली ती सकाळ डिंकाताईला आठवत होती. आपल्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट नव्हतीच असं म्हणायचं, हे तिला शिकवलेल्या शास्त्रात बसत नव्हतं. पण त्यात नोकरी बसत होती.

"काढून टाक म्हणत नाही मी," सर म्हणाले. "'धन्यवाद'च्या मागे ठेव. कोणी विचारलंच तर आहे आपल्याकडे. आपण प्रामाणिकच आहोत." त्यांनी ती स्लाइड शेवटी नेऊन ठेवली, माउस खिशात टाकला आणि घरी गेले. रिसीव्हर लॅपटॉपच्या मागेच राहिला. लावायचा आणि विसरून जायचं.

दुसऱ्या दिवशी डिंकाताईने आपला रिसीव्हर लॅपटॉपच्या पुढच्या बाजूला खोचला. मागे वाकून बघायचं तिला काही कारण नव्हतं. माउस चालला, स्लाइड सरकली, तिने सुस्कारा टाकला. पहिल्या रांगेत परीक्षकबाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. दुसऱ्या रांगेत सर. आणि सरांच्या शेजारी, कोणी सांगितलं नसताना, डिंकाताईची आई. लेक इतकी वर्षं नेमकं काय चिकटवते ते एकदा बघायचंच, म्हणून त्या आल्या होत्या.

सुरुवात बरी झाली. मग नमुने कसे धुतले, कसे वाळवले हे ती सविस्तर सांगायला लागली, तशी स्लाइड पुढे गेली. ती दचकली. बोट चुकून लागलं असेल म्हणून तिने चाक मागे फिरवलं आणि पुन्हा वाळवण्यावर आली. स्लाइड पुन्हा पुढे गेली. पडद्यावरचा बाण एका कोपऱ्यात थरथरत होता.

"घाई नाही," परीक्षकबाई म्हणाल्या. "सावकाश सांगा."

पण सावकाश सांगायची सोयच उरली नव्हती. कुठे जरा रेंगाळलं की स्लाइड पळायची. तिने माउस उचलून फुंकर मारली, कागदावर ठेवून बघितला. माउसमध्ये काही दोष नव्हता. काय होतंय ते तिला कळेना, पण नियम मात्र कळला: मुद्द्याचं बोललं तर स्लाइड टिकते, पाल्हाळ लावलं की जाते. तेव्हा तिने पाल्हाळ सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती वेळेआधी 'धन्यवाद'वर पोचली. परीक्षकबाईंनी चष्मा वर सरकवला. त्या प्रसन्न झाल्या असाव्यात असं वाटलं.

"छान. आता एक विचारते," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा प्रश्न सुरू झाला. प्रश्नात त्यांचे स्वतःचे जुने प्रयोग आले, त्या प्रयोगांवरची टीका आली, त्या टीकेला त्यांनी दिलेली उत्तरं आली. सरांचा हात खिशात गेला.

पडद्यावरून 'धन्यवाद' निघून गेलं. तिथे सुटलेल्या काचपट्ट्यांचा फोटो आला आणि खाली ओल्या खोलीचा आलेख, ज्याची रेघ टोकाला जाऊन कड्यावरून पडल्यासारखी खाली आली होती.

परीक्षकबाई बोलता बोलता थांबल्या. "हे काय आहे?"

डिंकाताईने सरांकडे पाहिलं. सरांनी डोळ्यांनी सांगितलं: मागे घे. माउस तिच्या हाताखालीच होता. चाक जरासं फिरवलं असतं तर 'धन्यवाद' परत आलं असतं. चुकून आली म्हणाली असती तर ते खोटंही नव्हतं, कारण चुकूनच तर आली होती.

"ओल्या खोलीतले नमुने आहेत," ती म्हणाली. "त्यातली एक तुकडी सुटली."

पडदा काळा झाला. स्लाइड संपल्या होत्या. तिने चाक मागे फिरवलं, आलेख परत आला.

"आधी मला वाटलं, माझीच चूक. पण मी पुन्हा..."

काळा. तिने परत आणला. दुसऱ्या रांगेत सर घामाघूम झाले होते आणि त्यांचा अंगठा थांबायला तयार नव्हता. ते जितके अस्वस्थ होत तितका पडदा काळा होई, आणि पडदा काळा झाला की त्यांना वाटे, सुटलो. ती मात्र प्रत्येक वेळी आलेख परत आणत होती. शेवटी तिने माउस सोडून दिला, पडद्यापाशी गेली आणि काळ्या पडद्यावरच बोटाने हवेत रेघ काढत सगळं सांगून टाकलं: सुटण्याआधी आठवडाभर चिकटद्रव्य पांढरट दिसायला लागतं, पाणी कडेकडेने आत शिरतं, आणि कोरड्या खोलीतला निकाल बघून हे कधीच कळलं नसतं.

 परीक्षकबाईंनी चष्मा काढला.

"हे तुमच्या प्रबंधात नाही."

"नाही."

"यायला हवं. तुमच्या सगळ्या कामात हाच भाग मला नवा वाटला. हे प्रकरण जोडा, मग माझी हरकत नाही." त्या सरांकडे वळल्या. "स्वतःच्या अपयशाची स्लाइड शेवटी दाखवायला लावणारे मार्गदर्शक फार कमी भेटतात. हा निर्णय कोणाचा?"

सर उभे राहिले. हात खिशातून बाहेर आला. "माझाच," ते म्हणाले. "मी म्हटलं, ती स्लाइड दिसलीच पाहिजे."

डिंकाताईला इतकं धादांत खोटं बोलणं त्या दिवसापर्यंत ऐकल्याचं आठवेना.

बाहेर व्हरांड्यात आईने तिला जवळ घेतलं. "काही कळलं नाही बाई मला, पण तू घाबरली नाहीस. तुझे सर मात्र घाबरट दिसले. सारखं खिशात काहीतरी दाबत होते. त्यांनी दाबलं की तिकडे अंधार."

"काय म्हणालीस?"

"टिक झालं की अंधार. मला वाटलं, त्यांच्याकडेच बटण दिलंय तुम्ही."

डिंकाताई उलट्या पावली हॉलमध्ये गेली. लॅपटॉपच्या मागे हात घातला तेव्हा बोटांना नखाएवढा रिसीव्हर लागला. ती तिथेच खुर्चीत बसली आणि एकटीच बराच वेळ हसली. सर खोटं बोलले नव्हते. आज त्यांच्या तोंडून निघालेलं ते वाक्य प्रयोगाने सिद्ध होत होतं.

नवं प्रकरण लिहून ती सहीसाठी सरांच्या खोलीत गेली, तेव्हा टेबलावर जुना वायरचा माउस परत आला होता.

"तो छोटा गेला," सर कडवटपणे म्हणाले. "परीक्षेच्या दिवसापासून मेल्यासारखा पडलाय. बेभरवशाचा निघाला. वायर असली की निदान काय कशाला जोडलंय ते दिसतं."

सही व्हायची होती. आधी सही घ्यावी, असा विचार डिंकाताईच्या मनात आला नाही असं नाही. पण लपवलेल्या स्लाइडचं काय होतं ते तिने नुकतंच बघितलं होतं. तिने मूठ उघडून रिसीव्हर टेबलावर ठेवला. "सर, हा हॉलच्या लॅपटॉपमागे होता. परीक्षा चालू असताना. मला वाटतं, तुमच्या खिशातून..."

सरांनी रिसीव्हर हातात घेतला. बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती. लहरी, भिंती, हॉल, खिसा. सगळं सरांनीच शिकवलं होतं.

"म्हणजे," सर हळूच म्हणाले, "माझा रिसीव्हर कोणीतरी काढून तिथे नेऊन लावला. बघ, असे लोक असतात!"

त्यांनी रिसीव्हर आपल्या लॅपटॉपला खोचला. छोटा माउस एका टिचकीत जागा झाला. सरांचा चेहरा उजळला. प्रकरणावर भराभर सही करत ते म्हणाले, "माउसचा काहीच दोष नव्हता. मी म्हणतच होतो."

मग माउस खिशात टाकून ते खुर्ची तिच्याकडे वळवून बसले. "आता सांग. नोकरीवर कधी हजर व्हायचंय? सविस्तर सांग."

डिंकाताई सविस्तर सांगायला लागली. सरांच्या पाठीमागे लॅपटॉपच्या पडद्यावर एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग पहिली मिटली.

"सर, तुमच्या मागे..."

"हं, पुढे," सर म्हणाले.